‘क्रोम १३९ घेऊ नका’: त्या मेसेजमधलं खरं किती?

ऑगस्ट २०२५मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरची १३९वी आवृत्ती आली आणि ग्रुपाग्रुपांवर एकच सूर लागला: ‘गूगलने अ‍ॅडब्लॉकरवर बंदी घातली. आता फक्त ३० हजार नियम चालतात, म्हणजे उरलेले ब्लॉकर नावापुरते. अपडेट बंद करा, १३८वरच थांबा. फायरफॉक्सही उद्या हेच करणार.’ यातला एकही मुद्दा आहे तसा टिकत नाही.

बंदी जाहिराती अडवणाऱ्या ब्लॉकरवर नाही, ‘मॅनिफेस्ट व्ही२’ या जुन्या साच्यातल्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमवर, आहे. जुन्या साच्यात पानाने मागवलेली प्रत्येक गोष्ट, म्हणजे चित्र, स्क्रिप्ट, ट्रॅकर, आधी एक्स्टेन्शनसमोर यायची आणि अडवायची की सोडायची ते त्याचा कोड ठरवायचा. नव्या साच्यात, म्हणजे व्ही३मध्ये, एक्स्टेन्शन काय अडवायचं याच्या नियमांची यादी क्रोमकडे देऊन ठेवतं आणि अडवण्याचं काम क्रोम करतं. यूब्लॉक ओरिजिन हा लोकप्रिय ब्लॉकर जुन्या साच्यावर उभा होता, म्हणून तो गेला. यूब्लॉक ओरिजिन लाइट, अ‍ॅडगार्ड, अ‍ॅडब्लॉक प्लस नव्या साच्यात चालतात.

३० हजार हा आकडा खरा, पण ती कमाल मर्यादा नाही, हमी आहे. प्रत्येक एक्स्टेन्शनला सोबत आणलेल्या नियमांपैकी किमान तेवढे मिळतातच. त्यापुढचे सगळ्या एक्स्टेन्शनच्या सामाईक साठ्यातून. म्हणूनच दोन-तीन ब्लॉकर एकदम लावून ठेवू नका. ते एकमेकांचा वाटा खातात, शिवाय पान बिघडलं तर कोणामुळे बिघडलं ते कळत नाही.

तक्रार करायचीच तर दुसऱ्या जागी करा. यूब्लॉक ओरिजिन आपल्या याद्या थेट इंटरनेटवरून ताज्या करायचं. लाइटमध्ये याद्या एक्स्टेन्शनच्या पॅकेजमध्येच येतात, त्यामुळे नवा नियम तुमच्यापर्यंत पोचायला एक्स्टेन्शनचं अपडेट यावं लागतं. यूट्यूबसारखी साइट सतत डावपेच बदलते तेव्हा हा उशीर जाणवतो. कुठल्या साइटवर कुठून आलेल्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या हे एका तक्त्यावर ठरवण्याची सोयही लाइटमध्ये नाही. आणि गूगलचा सुरक्षेचा युक्तिवाद अर्धाच पटतो. बाहेरून कोड आणून चालवायला बंदी झाली, हे चांगलंच. पण विनंत्या नुसत्या पाहण्याची मुभा व्ही३मध्येही आहे. मग पाळत ठेवू पाहणाऱ्या एक्स्टेन्शनचं काय अडलं?

लाइट लावल्यावर ‘जाहिराती दिसतातच’ असं वाटलं तर आधी त्याच्या आयकॉनवर क्लिक करा. तिथल्या पट्टीवर त्या साइटपुरती पातळी ठरते: बेसिक, ऑप्टिमल, कम्प्लीट. बेसिकमध्ये फक्त नेटवर्कवरच्या विनंत्या अडतात. जाहिरातीची रिकामी चौकट तशीच उरू शकते. पट्टी पुढे सरकवा, साइटसाठी परवानगी मागितली तर द्या, पान रीलोड करा. इन्स्टॉल करताना निर्मात्याचं नाव रेमंड हिल आहे ना ते पाहा. नुसत्या ‘यूब्लॉक’ नावाचं एक्स्टेन्शन वेगळं आहे, त्याचा हिल यांच्याशी संबंध नाही.

‘१३८वर थांबा’ हा सल्ला मात्र सरळ धोक्याचा. एकट्या १३८च्या मालिकेतच, जूनअखेर आणि जुलैच्या मध्यावर, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरलेल्या दोन त्रुटी बुजवाव्या लागल्या. क्रोम ज्यावर बांधलंय त्या क्रोमियमचा कोड खुला असल्याने दुरुस्ती आली की भोक कुठे होतं तेही अभ्यासणाऱ्याला दिसतं, आणि थांबलेला वापरणारा तिथेच सापडतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या साठ्यात) धोरण म्हणजे एक खास नोंद टाकून जुनी एक्स्टेन्शन चालू ठेवायची युक्ती १३८पर्यंतच होती. १३९मध्ये त्या धोरणाला आधारच उरला नाही. आपली आवृत्ती तीन ठिपके, हेल्प, अबाउट गूगल क्रोम इथे दिसते. अपडेट उतरलं की रीलाँच दाबून किंवा बंद करून क्रोम पुन्हा सुरू केल्याशिवाय ते लागू होत नाही, हे बरेच जण विसरतात.

फायरफॉक्सबद्दलचा दावा तर उलटाच आहे. व्ही२ला आधार आणि विनंती अडवण्याची जुनी सोय, दोन्ही ठेवणार असं फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जाहीर केलंय. ब्रेव्ह हा ब्राउझर क्रोमियमवरचाच, पण त्याचा ब्लॉकर ब्राउझरमध्येच बांधलेला आहे, एक्स्टेन्शनवर अवलंबून नाही. आणि ‘फोनवरचा ब्लॉकरही गेला’ म्हणणाऱ्यांनी जरा आठवून पाहावं: अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये तो होता कधी? अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवर मात्र पूर्ण यूब्लॉक ओरिजिन चालतं.

फायरफॉक्सवर जायचं असेल आणि जुन्या यूब्लॉकची बॅकअप फाइल कुठे जपलेली असेल, तर नव्या जागी त्याच्या डॅशबोर्डमध्ये सेटिंग्जच्या तळाशी ‘रिस्टोअर फ्रॉम फाइल’ आहे. स्वतःचे नियम आणि वगळलेल्या साइट परत येतात. फाइल नसेल तर १३९वर बंद पडलेल्या एक्स्टेन्शनचा डॅशबोर्ड उघडत नाही, नियम पुन्हा हातानेच लिहावे लागतील.