व्हॅनिलाचं बेणं विकणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सातारा-सांगलीच्या शेतकरी ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. दहा गुंठ्यांत शेडनेट मारा, व्हॅनिलाचे तुकडे खोचा. वेल आपल्या हवेत कुठंही येते, रोगराई नाही, फळधारणा मधमाशा करतात, शेंग किलोला 40 हजारांनी जाते. खाली बेण्यासाठी नंबर. आमच्या गावातली पोरं आगाऊ पैसे भरायला निघाली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कुठंही येते.’ व्हॅनिला ही मेक्सिकोच्या दमट जंगलातली ऑर्किड. तिला साधारण 21 ते 32 अंश तापमान, गाळीव ऊन आणि दमट हवा लागते. जत, आटपाडी, माण, खटावचा एप्रिलमधला कोरडा वारा ती सोसत नाही. शेडनेट ऊन कमी करतं, हवेत ओल आणत नाही. महाबळेश्वरला पाऊस उदंड, पण थंडी तिला नको. शिराळा किंवा पाटणच्या खोऱ्यात, झाडांच्या सावलीत, निचऱ्याच्या जमिनीत ती वाढू शकते, एवढं मी मान्य करतो.

‘तुकडा खोचला की झालं.’ कांडी निदान मीटरभर, 15 ते 20 पेरांची हवी. आखूड तुकडाही फुटतो, पण फुलायला जास्त वर्षं घेतो. खालची तीन-चार पानं काढून कांडी आठवडाभर सावलीत ठेवायची, म्हणजे जखम वाळते. मग पानं काढलेली पेरं पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात आडवी टेकवायची आणि कापलेलं टोक मातीच्या किंचित वर ठेवायचं. ते टोक खोल गाडलं की कूज तिथूनच शिरते. वर गिरिपुष्पाचा किंवा पांगाऱ्याचा जिवंत आधार. एवढं जमलं, तरी फुलं तिसऱ्या वर्षी.

‘रोगराई नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. जगभर व्हॅनिलाचे मळे फ्युजेरियम बुरशीनं झोपवलेत. ती मातीत वर्षानुवर्षं टिकते. आधी मातीतली मुळं तपकिरी होऊन कुजतात. वेल मात्र हवेतल्या मुळांवर तग धरते, नवी मुळं खाली सोडते, तीही जमिनीला टेकली की कुजतात. वरून पानं हिरवी दिसतात म्हणून आपण निर्धास्त राहतो. खोड सुरकुतून पिवळं पडतं तेव्हा उशीर झालेला असतो. द्राक्षातल्या सवयीनं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारून हे परतत नाही, कारण रोग मुळात बसलेला असतो. पाणी साचू न देणं, ड्रिपर बुंध्यापासून लांब ठेवणं, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी घातलेला पालापाचोळा आणि रोगट वेल काढून जाळणं, इलाज एवढाच. पावसाळ्यात फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या दुसऱ्या रोगजंतूची कूज वेगळीच.

विषाणूंचं तर औषधच नाही. काकडीवर येणारा मोझॅक विषाणू व्हॅनिलावरही येतो. पानं चितकबरी आणि वेडीवाकडी होतात. एकाच वेलीपासून कांड्या काढत गेलं की तिचा विषाणू प्रत्येक कांडीत जातो आणि न पुसलेला कोयता तो शेजारच्या वेलीवर नेतो. म्हणजे नंबरवाला रोग बेण्यातूनच पाठवू शकतो.

‘मधमाशा फळधारणा करतात.’ आपल्याकडे नाही करत. फुलात पराग आणि स्त्रीकेसर यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तो काडीनं उचलून पराग हातानं टेकवावा लागतो. ही युक्ती 1841 मध्ये रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या 12 वर्षांच्या गुलाम मुलानं दाखवली आणि आजही काम तसंच चालतं. फूल एकच दिवस उमलतं आणि दुपारच्या आत हात लागला नाही तर गळून जातं. एका घोसात रोज एक-दोनच फुलं उमलतात, म्हणून हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. दक्षिण भारतात हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. त्याच वेळी आपल्याकडे ऊसतोड, द्राक्षाची काढणी, हळदीची काढणी. मजूर कुठून आणणार? आणि लोभानं प्रत्येक फूल फळवलं, तर वेल थकून आधी सांगितलेल्या कुजीला बळी पडते.

‘किलोला 40 हजार.’ हिरव्या शेंगेला वास नसतो. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश केल्याशिवाय सांगलीच्या बाजारात नेत नाहीत, तशीच ही शेंग. फळधारणेनंतर सुमारे नऊ महिन्यांनी काढायची, 63 ते 65 अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, मग उन्हात, मग सावलीत, मग बंद पेटीत महिनोन्‌महिने. पाच-सहा किलो ओल्या शेंगांतून एक किलो माल निघतो. मेसेजमधला दर त्या मालाचा सांगतात आणि हिशेब ओल्या शेंगांवर मांडतात.

तो दरही टिकत नाही. केरळ-कर्नाटकात 2003-04 च्या सुमारास ओली शेंग किलोला 3000 रुपयांवर गेली, आणि पुढच्या काही वर्षांत दर इतके कोसळले की लोकांनी वेली उपटल्या. बाजार मादागास्करच्या हातात आहे. तिथं चक्रीवादळ आलं की भाव चढतो, पीक चांगलं आलं की पडतो.

‘माल आम्हीच परत घेऊ’ ही त्यातली शेवटची ओळ. 2019 मध्ये उघड झालेल्या कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत आपल्याच भागात हेच सांगितलं होतं आणि शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. व्हॅनिलाची पहिली शेंग तिसऱ्या-चौथ्या वर्षी येते. तोवर तो नंबर लागेल का, हे पैसे भरायच्या आधी विचारा. बेणं विकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मळ्यातल्या, शेंगा लागलेल्या वेली दाखवायला लावा. तिथल्या एका वेलीच्या बुंध्याजवळचा पालापाचोळा हातानं बाजूला करा आणि मुळं पांढरी आहेत का तपकिरी, ते स्वतः बघा.