कापराच्या पोटलीने वास परत येतो? खुलासा

ठाणे-वाशीच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतंय: ‘कापूर-ओव्याची पोटली हुंगा, तापानंतर गेलेला वास तीन दिवसांत परत.’ चूक. कापराचा झोंबरा गारवा चेहऱ्याच्या वेगळ्याच नसेला कळतो. तो जाणवला म्हणजे वास परतला असं नाही.

त्याऐवजी नाकाला वासाचा सराव द्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी: चार बाटल्यांत कापसावर अर्काचे दोन-चार थेंब. सकाळ-रात्र प्रत्येक बाटली 20 सेकंद हलकेच हुंगायची, मूळ वास आठवत. किमान 12 आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही. थेंब उडून जातात, कापूस बदलत राहा. मध्येच लवंग जळकी, कुजकी वाटेल. नसा पुन्हा जुळताना असं होतं, सोडू नका.

तोवर गॅसगळती कळणार नाही. गळती ओळखणारा डिटेक्टर लावा: पाइप गॅसला छताजवळ, सिलिंडरला जमिनीलगत.