दिल्लीत मेस्त्री पाठवला की गाव दुरुस्त होतं?

आमच्या तालुक्यातल्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज महिनाभर गोल गोल फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत गावात गॅरेज चालवणारी एक साधी बाई, राजकारणाचा गंध नसताना, गावकऱ्यांच्या जोरावर थेट संसदेत गेली. ज्याला धंदा चालवता येतो त्याला गावही चालवता येतं. आपणही पुढाऱ्यांना घरी बसवून एखादा प्रामाणिक दुकानदार दिल्लीला पाठवू, पाच वर्षांत ओस पडलेली गावं उभी राहतील.

त्याखाली बापूंनी माझं नाव टाकलं आणि हात जोडल्याच्या सतरा खुणा आल्या. मी पंपाच्या मोटारी बांधतो. वाइंडिंगचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली. मान दिल्याबद्दल आभार, पण मेसेज वाचून गप्प बसवेना.

आधी बाईंबद्दल. बाई खऱ्या आहेत. मारी ग्लुसेनकँप पेरेझ, वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघातून 2022 मध्ये निवडून आल्या, 2024 मध्ये पुन्हा आल्या. नवऱ्यासोबत गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, हेही खरं. आता पुढचं. ‘राजकारणाचा गंध नसताना, थेट’? 2016 मध्ये त्या आपल्या परगण्याच्या (तिथल्या ‘काउंटी’च्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) मंडळासाठी उभ्या राहून पडल्या होत्या, आणि 2022 चं तिकीट डेमोक्रॅटिक पक्षाचं होतं. ‘गावात गॅरेज’? राहतात त्या खेड्याच्या भागात, पण गॅरेज नदीपलीकडच्या पोर्टलंड शहरात, म्हणजे दुसऱ्याच राज्यात.

‘गावकऱ्यांच्या जोरावर’ हे तर साफ उलटं आहे. पहिल्या वेळी त्या अडीच हजारांहून थोड्या जास्त मतांनी निवडून आल्या. बहुतेक ग्रामीण परगण्यांत त्यांचा विरोधकच पुढे होता. तारलं ते क्लार्क परगण्यानं, ज्यात व्हँकुव्हर हे मतदारसंघातलं मोठं शहर आहे. शिवाय त्या जागेवरच्या रिपब्लिकन खासदार ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगाच्या बाजूनं मत दिल्यामुळे मतदानाच्या प्राथमिक फेरीतच बाद झाल्या होत्या. मैदान तसं मोकळं मिळालं. बाईंची हुशारी मी नाकारत नाही. मात्र ‘गावानं दुकानदार निवडला’ अशी ती गोष्ट नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या: धंदा चालवता येतो त्याला गाव चालवता येतं.

माझा धंदा कधी तेजीत असतो, सांगू? मार्चपासून पुढे. विहिरी तळाला जातात, मोटार कोरडी चालते, व्होल्टेज पडतं, वाइंडिंग जळतं. एकेका दिवसात सात-आठ मोटारी दारात येतात. पाणी आणखी खाली गेलं की पाच एचपीवाला साडेसात मागतो आणि साडेसातवाला दहा. नवी बोअर म्हणजे नवा सबमर्सिबल, केबल, पाइप, पॅनेल. ज्या वर्षी पाऊस बरा होतो त्या वर्षी माझी पोरं दुकानात मोबाइल बघत बसतात. गावाचं वाईट ते माझं बरं, इतकं सरळ. मी काही दुष्ट माणूस नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. शेजारचा बोअरवाला, खतवाला, टँकरवाला यांचंही थोडंफार असंच. दुकानदार म्हणून मला गाव दिसतं, पण गल्ल्यामागच्या खुर्चीतून.

हिवरे बाजार घ्या. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं, चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव. पोपटराव पवार तिथे सरपंच झाले आणि गावानं स्वतःवर बंधनं घालून घेतली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, चराई आणि कुऱ्हाड बंद. पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. आता मला खरं सांगा, त्या ग्रामसभेत माझ्यासारखा पंपवाला असता तर बोअरबंदीला त्यानं हात वर केला असता? मी केला असता की नाही, मलाच खात्री नाही. हिशेब चोख ठेवणं, उधारी वसूल करणं, गिऱ्हाईक सांभाळणं ही कौशल्यं कामाची आहेतच. पण गाव उभं करताना बऱ्याचदा गिऱ्हाइकालाच ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि दुकानात आम्ही तेवढं सोडून सगळं शिकतो.

पोपटराव खासदार नव्हते, हेही लक्षात घ्या. पुढे 2020 मध्ये पद्मश्री मिळाली, पण काम झालं ते सरपंचाच्या खुर्चीतून. यात योगायोग नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, पाणी, स्थानिक स्वराज्य हे विषय राज्याच्या यादीत आहेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं गावपातळीवरच्या 29 विषयांची वेगळी अनुसूची जोडली, ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. गावातली पाइपलाइन फुटली तर लोकसभेत तिचं काय करणार?

‘पण खासदार निधी आणेल ना!’ ग्रुपवर लगेच आलं. आणेल. वर्षाला 5 कोटी. तेही हातात नाही. खासदार काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडून होते. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आणि 48 जागा. मुंबई-पुण्याच्या शहरी जागा बाजूला काढल्या तर एका खासदारामागे हजाराच्या आसपास गावं येतात. भागाकार करा: गावाला वर्षाला पन्नास हजार रुपये. माझ्या दुकानात त्या पैशांत एक बरा सबमर्सिबल केबलसकट बसेल, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा माझ्याच दारात येईल. उलट पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2 लाख 36 हजार 805 कोटींची शिफारस केली होती, त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला. आपल्या ग्रामपंचायतीला त्यातले किती आले आणि कशावर गेले, हा प्रश्न ग्रुपवर आजवर कुणी विचारला नाही. मीही नाही.

सांसद आदर्श ग्राम योजना आठवते? ऑक्टोबर 2014 मध्ये सुरू झाली, प्रत्येक खासदारानं गाव निवडून आदर्श करायचं. वेगळा निधी शून्य. पुढे बोलत नाही.

‘दुकानदार कुणाच्या बापाला घाबरणार नाही, खरं बोलेल.’ इथे अमेरिका आणि आपण यांतला फरकच मेसेजवाल्यानं गिळला. 2023 मध्ये विद्यार्थ्यांच्या कर्जमाफीच्या मुद्द्यावर पेरेझबाईंनी आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या योजनेविरुद्ध मत दिलं. पक्षातले लोक चिडले, पण खासदारकी जागेवर राहिली. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कुठे द्यायचं याचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे पक्षाच्या तिकिटावर गेलेला दुकानदार बोलेल मोकळेपणानं, पण बटण दाबेल ते पक्ष सांगेल तेच.

मग अपक्ष? 2024 च्या लोकसभेला देशभरात सुमारे 3,900 अपक्ष उभे होते. निवडून आले 7. महाराष्ट्रातून एक, सांगलीचे विशाल पाटील, आणि ते वसंतदादांचे नातू. किराणा दुकानातून उठून गेलेले नव्हेत. अनामत 25 हजार रुपये, आणि एक षष्ठांश मतं नाही मिळाली तर ती जप्त. माझ्यासाठी ही रक्कम म्हणजे मोटारींना लागणारी तांब्याची तार आहे, बापू.

छोट्या माणसानं दिल्ली गाठल्याचं उदाहरणच हवं तर अमेरिकेत कशाला जायचं, आपले राजू शेट्टी आहेत. दुकानदार नव्हेत, शेतकरी चळवळीतले. पण तेही थेट नाही गेले. आधी ऊसदराची आंदोलनं, जिल्हा परिषद, मग 2004 ला विधानसभा, आणि 2009 व 2014 ला हातकणंगल्यातून लोकसभा. लोकांनी मतासोबत निवडणुकीच्या खर्चाला नोटही दिली. त्यांनी कर्जमुक्ती आणि हमीभावाची खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारानं मांडायची विधेयकं, 2018 मध्ये मांडली. कायदा झाला नाही. तो होण्याचा रस्ताही किती अरुंद: स्वातंत्र्यानंतर खासगी सदस्यांची फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये.

माझ्याच धंद्यातली गोष्ट. जुलै 2022 मध्ये पाण्याच्या पंपांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. शेतकरी माझ्यावर ओरडले, मी कुणावर ओरडू? तो निर्णय लोकसभेच्या बाकांवर झालाच नाही. जीएसटी परिषदेत झाला, जिथे केंद्राचे आणि राज्यांचे मंत्री बसतात. माझा खासदार मीच असतो तरी त्या खोलीत मला खुर्ची नव्हती.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. हातानं काम करणारा माणूस काही बारीक गोष्टी बघतो ज्या इतरांना दिसत नाहीत. पेरेझबाई वाहनांच्या दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही द्यावी म्हणून भांडतात, आणि तिथे मी पूर्ण त्यांच्या बाजूचा. सोलर पंपाचा कंट्रोलर बिघडला की मी तो उघडून बघतो आणि परत बंद करतो, पासवर्ड कंपनीकडे. शेतकरी पंधरा दिवस ताटकळत बसतो. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं, त्यात शेतीची अवजारं आहेत. असा प्रश्न दिल्लीत लावून धरायला मेस्त्री गेला तर मी त्याला मत देईन. त्यानं आमची शाळा, आमचा ओढा आणि पुण्याला गेलेली पोरं परत आणावीत, ही अपेक्षा मात्र ठेवणार नाही.

बापू, तुमच्या मेसेजमुळे मी 1 मेच्या ग्रामसभेचं काय झालं ते विचारून आलो. कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, शंभर माणसं लागतात, किंवा पंधरा टक्के मतदार, जे कमी असेल ते. आमच्याकडे एकतीस जमली. सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही म्हणून पुढच्या वेळी अकरा जणांनी वर्षभराची कामं मंजूर केली. तुमची सही रजिस्टरात नाही. माझीही नाही. दोन्ही दिवशी मी दुकानात मोटारी बांधत होतो.