आणि तारवटी कुठे गेले?

गोव्यातल्या गावांच्या स्मारकांवरच्या लेखातलं एक वाक्य खटकलं: ‘दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, त्यामुळे गोव्यातल्या गावांना आठवण ठेवण्यासारखं कोणी नव्हतंच.’ पोर्तुगाल तटस्थ होता हे खरं. पण गोव्याच्या बार्देस-साष्टी तालुक्यांतले तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे खलाशी, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईहून ब्रिटिश जहाजांवर चढत होते, कोणी बटलर, कोणी कुक. पाणबुडीचा टॉर्पेडो पासपोर्ट बघून येत नाही. मुंबईहून आफ्रिकेला निघालेलं ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचं ‘तिलावा’ जहाज २३ नोव्हेंबर १९४२ रोजी जपानी पाणबुडीने बुडवलं. सुमारे २८० माणसं गेली, आणि ते काही लढाऊ जहाज नव्हतं. अशा खलाशांचं स्मारक आहे, पण मुंबईत, मशीद बंदरच्या सेलर्स होममध्ये. गावात नाही.

गावाने लक्षात ठेवलं ते वेगळ्या रीतीने. आमच्या बार्देसातल्या वाड्यावर खुरसाकडे (क्रुसापाशी) लादीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, होते तेव्हा बोटीवर गेलेल्या एकाचं नाव अजून घेतात. त्याचा देह परत आलाच नाही, त्यामुळे सिमितेरीत, म्हणजे ख्रिस्ती दफनभूमीत, दगडही नाही. आम्ही हिंदू, तरी आजी दरवर्षी मेणबत्त्या पाठवायची. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमधल्या, म्हणजे गोवेकरांच्या गाववार वसतिगृहांमधल्या, जुन्या वह्या तरी कोणी चाळल्या का? गोवा मुक्तिसंग्रामाची स्मारकं पत्रादेवीपासून सगळीकडे आहेत, असायलाच हवीत. पण पंचायतीला सभागृहाच्या भिंतीवर नेत्याच्या नावाची संगमरवरी पाटी लावायला पैसे मिळतात, तर या तारवट्यांच्या नावांची एक पाटी का होऊ नये?