आधी गोळीवरचा चहा थांबवा

गेल्या काही महिन्यांत आमच्या वाडीतल्या बहुतेक मोबाईलवर एक मेसेज येऊन गेला: ‘थायरॉईड ३० दिवसांत मुळापासून बरा.’ पुढे त्यात लिहिलेलं: कोबी, फ्लॉवर, मुळा कायमचे बंद करा. आपण समुद्राकाठचे, आपल्याला आयोडीन आपोआप मिळतं, तेव्हा पिशवीतलं मीठ सोडा आणि मिठागरातलं जाडं मीठ खा. सकाळी दोन चमचे खोबरेल प्या. महिन्याभरानं थायरॉईडची गोळी बंद करा.

माझ्या काकीनं हे सगळं केलं. “गोळी सोडलंय बाय, आता सकाळी खोबरेल पितंय,” असं तिनं मला फोनवर मोठ्या आनंदानं सांगितलं होतं. मे महिन्यात घरी गेले, तर भर उकाड्यात ती गोधडी घेऊन ओटीवर बसलेली. आवाज जाड झालेला, पापण्या सुजलेल्या, दोन वाक्यांच्या मध्ये थांबत होती. रक्त तपासलं तेव्हा टीएसएच (थायरॉईड मंदावला की हा आकडा चढतो) ४८ आला. नेहमीची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास असते.

म्हणून गोळीपासूनच सुरुवात करते. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं औषध, शरीरातून हळूहळू उतरतं, निम्मं व्हायलाच साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले काही आठवडे माणसाला बरं वाटू शकतं आणि ते श्रेय खोबरेलाला जातं. काकीचं नेमकं हेच झालं. आयोडीन पुरेसं मिळतं तिथे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवरच उलटणं. जपानच्या हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. ग्रंथी अशी झिजली की ती बनवायची तो हार्मोन बाहेरून द्यावा लागतो. गोळीत तोच असतो.

आता मुळा-कोबी. हे अगदीच हवेतून आलेलं नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सशांना मुख्यतः कोबीवर ठेवलं होतं आणि त्यांच्या गळ्याला गाठी आल्या. या भाज्यांतले काही घटक ग्रंथीला हार्मोन बनवण्यासाठी लागणारं आयोडीन वापरू देत नाहीत, हे खरं. पण शिजवल्यावर तो गुण बराच कमी होतो, आणि आयोडीन पुरेसं असेल तर ताटातल्या भाजीनं काही बिघडत नाही. २०१० मध्ये एका ८८ वर्षांच्या बाईंची केस छापून आली होती, त्या बेशुद्धीपर्यंत पोचल्या होत्या. त्या कोबीच्या कुळातली एक चिनी पालेभाजी कच्ची, रोज किलो-दीड किलो, कित्येक महिने खात होत्या. आपण चार माणसांत एक जुडी मुळा डाळ घालून शिजवतो. ज्या बाईला आधीच बद्धकोष्ठ आणि वजनाचा त्रास आहे, तिच्या ताटातली भाजी कशाला काढायची?

मला सगळ्यात जास्त राग मिठाच्या सल्ल्याचा येतो, कारण तो आपल्या किनाऱ्याचा अभिमान कुरवाळत येतो. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरं आपल्याला घरची वाटतात. पण हिशेब करून बघा. एक लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ सुमारे ३५ ग्रॅम आणि आयोडीन जेमतेम ५०-६० मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं, तरी ५ ग्रॅम मिठातून १० मायक्रोग्रॅमसुद्धा मिळत नाही. मोठ्या माणसाची रोजची गरज १५०, गरोदर बाईची २५०. आयोडीनयुक्त मीठ घरात पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ असावं, असा आपला नियम आहे, म्हणजे ५ ग्रॅममध्ये ७५. बाकीचं मासे, दूध, अंडी यांतून येतं. बांगडा, तिसऱ्या जरूर खा. पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामागून श्रावण, त्यात उपवासाला सैंधव. सुनेला दिवस गेले असतील तर हे महिने कसे काढायचे? आणि उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलही घेऊ नका, जादा आयोडीननं हाशिमोटो बिघडू शकतो.

खोबरेलानं मंदावलेला थायरॉईड सुधारतो, याला पुरावा नाही. आमटीत नारळ, जेवणावर सोलकढी, यात काही वावगं नाही. पण थायरॉईड मंद असताना कोलेस्टेरॉल अनेकदा आधीच चढलेलं असतं, त्यावर वरून चमच्यानं तेल पिऊ नये.

त्या मेसेजात जे नव्हतं, तेच काकीच्या घरी रोज घडत होतं. गोळी घेत होती तेव्हाही ती चहाच्या घोटाबरोबर. चहा-कॉफीनं गोळी अंगी नीट लागत नाही. ती नुसत्या पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास दुसरं काही नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर मध्ये चार तास हवेत. सोयाबीनचंही तसंच, ते गोळीच्या वेळेपासून लांब ठेवायचं.

काकीला पहाटे पाचचा चहा काही सुटेना. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी गोळी रात्री निजताना द्यायला सांगितली, जेवणानंतर तीन तासांनी. आता ती साडेसातला जेवते आणि गोळीची डबी उशाशी तांब्याजवळ असते. दोन महिन्यांनी पुन्हा टीएसएच करायचा आहे.