मणक्याच्या गादीवरचा ‘गंज’ आणि नॅनोकणांच्या गोळ्या

इंदूरच्या लोकमान्य नगर आणि राजेंद्र नगर भागातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप समूहांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : मणक्यांमधली गादी ऑक्सिडेशनमुळे गंजते, हा गंज काढणारे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, शास्त्रज्ञांना सापडले असून त्यांनी झिजलेली गादी पुन्हा भरते, तेव्हा ऑपरेशन करू नका, नॅनो-हळदीच्या आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या रोज घ्या, त्यांचा अपाय काहीच नाही. मी अनेक वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. शेजारच्या काकूंनी हा संदेश वाचून फिजिओथेरपी बंद केली, तेव्हा यातले एकेक विधान तपासून लिहावे असे मला वाटले.

‘गंज’ हा शब्द अर्धाच खरा आहे. गादीतल्या पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी क्रियाशील ऑक्सिजनद्रव्ये सतत तयार होतात आणि पेशींची स्वतःची विकरे (एन्झाइम) ती निष्प्रभ करतात. हा तोल बिघडला की गादीचा गर तोडणारी विकरे वाढतात, पेशी अकाली वृद्ध होतात आणि गरातले पाणी धरून ठेवणारा ॲग्रिकॅन नावाचा मोठा रेणू कमी होतो. परंतु हीच द्रव्ये अल्प प्रमाणात पेशींचे निरोपही पोचवतात, म्हणून ती समूळ नाहीशी करणे हे उपचाराचे ध्येय होऊ शकत नाही. शिवाय झिजेचे हे एकमेव कारण नव्हे. फिनलंडमधल्या जुळ्यांच्या अभ्यासातून असे दिसले की झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि कामाच्या ओझ्याचा त्या मानाने बराच कमी.

नॅनोकणांचे संशोधन मात्र खरे आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. सिरियम ऑक्साइडच्या कणातला सिरियम हा धातू विद्युतभाराच्या दोन अवस्थांमध्ये आलटूनपालटून जातो, त्यामुळे तो कण एकदाच खर्ची न पडता विकरासारखा ही द्रव्ये निष्प्रभ करण्याचे काम पुन्हा पुन्हा करतो. प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य आणि मँगनीज डायऑक्साइड यांच्या कणांवरही याच दिशेने काम चालू आहे. मात्र हे प्रयोग बहुतांशी उंदरांच्या शेपटीवरचे आहेत. तिथली निरोगी गादी सुईने टोचून बिघडवतात आणि कण त्याच गादीत सुईनेच सोडतात. ‘गादी भरली’ याचा तिथला अर्थ बहुधा एवढाच, की उपचार न केलेल्या गादीच्या तुलनेत तिची उंची आणि पाणी कमी घटले. उंदराची गादी काही मिलिमीटरची असते आणि तिच्यात गर्भावस्थेतल्या पृष्ठरज्जूच्या (मणके बनण्याआधी गर्भाच्या पाठीला आधार देणाऱ्या दांड्याच्या) पेशी मोठेपणीही टिकून राहतात; माणसात त्या बालपणीच जवळजवळ संपतात. त्यातच माणसाच्या गादीत सुई घालणे निर्धोक नाही. तपासणीसाठी बारीक सुईने टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी न टोचलेल्यांपेक्षा अधिक झिजलेल्या आढळल्या, असे अमेरिकेतल्या युजीन कॅरागी यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवले आहे.

आता गोळ्या. गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. कंबरेच्या गादीत मधल्या पेशीपासून सर्वांत जवळची केशवाहिनी 6 ते 8 मिलिमीटर दूर असू शकते आणि ग्लुकोज व ऑक्सिजनसुद्धा तिथपर्यंत झिरपतच जातात. हळदीतले कुरकुमिन आतड्यातून फार कमी शोषले जाते. ‘नॅनो’ रूपात रक्तातली मात्रा वाढते हे मान्य केले, तरी ते गादीच्या गाभ्यात पुरेसे पोचून झीज भरून काढते, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. प्रयोगशाळेत गादीत टोचलेला सिरियमचा कण आणि दुकानातली नॅनो-हळद यांच्यात समान आहे तो फक्त ‘नॅनो’ हा शब्द.

‘अपाय काहीच नाही’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक आढळला. तो निष्कर्ष 1994 चा आहे. पुढे जीवनसत्त्व ‘ई’ या दुसऱ्या अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण 17 टक्क्यांनी वाढल्याचे 2011 मध्ये दिसले. वरणातली चिमूटभर हळद निराळी. अधिक शोषले जावे म्हणून बनवलेल्या कुरकुमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत.

‘मला गुण आला’ असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच शोषून घेते आणि बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते; त्या काळात जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. एमआरआयमध्ये ‘गॅप’ दिसला म्हणजे वेदना त्याचीच, असेही नाही, कारण काहीही दुखत नसलेल्या लोकांतही झिजलेली गादी विशीत सुमारे 37 टक्के आणि ऐंशीत 96 टक्के जणांत आढळते.

म्हणूनच ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही, हे संदेशातले म्हणणे योगायोगाने बरोबर आहे. पण ज्यांना ते लागते त्यांच्यासाठी हाच संदेश घातक ठरतो. लघवी अडकणे किंवा तिच्यावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पायांतली शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर गोळीचा परिणाम पाहत थांबू नये आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.