‘फाइन’ आहे म्हणजे नेमकं कसं आहे?

मध्यंतरी एका परदेशी सहकाऱ्याला मी एक मसुदा पाठवला होता. तीन दिवस खपून केलेला. उत्तर आलं, ‘इट्स फाइन.’ मी खूश! फाइन म्हणजे उत्तम, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. दोन दिवसांनी त्यानं तोच मसुदा पहिल्या ओळीपासून नव्यानं लिहून पाठवला, तेव्हा कळलं की त्याला फक्त ‘ठीकाय, चालवून घेऊ’ एवढंच म्हणायचं होतं. आणि शेवटी तेही चाललं नव्हतं.

तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलोय. गंमत अशी की तो नामाच्या आधी आला तर एक बोलतो आणि नंतर आला तर दुसरंच. ‘अ फाइन टीचर’ म्हणजे नाव काढावं अशा बाई. ‘द टीचर इज फाइन’ म्हणजे बाई पडल्या होत्या, पण फारसं लागलेलं नाही. शब्द तोच, जागा बदलली आणि पार रया गेली. हे आपल्याला शाळेत कुणीच का सांगितलं नाही? विशेषण म्हणजे नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द, एवढं पाठ करून आपण मोकळे झालो.

शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या ‘फिनिस’मध्ये आहे. फिनिस म्हणजे शेवट, सीमा. फिनिश, फायनल, डिफाइन, सगळी त्याच घरातली मंडळी. जे शेवटाला पोचलं, ज्यात आता काही करायचं उरलं नाही, ते फाइन. म्हणून उत्कृष्ट. म्हणूनच शुद्धही. सोन्याची फाइननेस हजारात मोजतात. ९९९ म्हणजे जवळजवळ निखळ. २२ कॅरेटचं ९१६, कारण २४ पैकी २२ भाग सोनं. पुढे जे शुद्ध, निगुतीनं केलेलं, ते नाजूक, तलम, बारीक असंही होत गेलं. फाइन धागा, फाइन पूड, करारातली ती कुणीच न वाचलेली फाइन प्रिंट. हवेतल्या अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांनाही ‘फाइन पार्टिकल्स’च म्हणतात. फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात, पण नाव बघा!

आणि दंड? ‘फाइन भरा’ मधला फाइन विशेषण नाही, नाम आहे, पण तोही फिनिसच्याच कुळातला. पैसे भरले, भांडण मिटलं, विषय संपला.

क्रिकेटवाल्यांना तर यातला एक अर्थ न शिकवताच येतो. फाइन लेग. दोन्हीकडच्या यष्ट्यांमधून जाणारी रेषा फलंदाजाच्या मागे तशीच पुढे वाढवली, तर तिच्याशी अगदी लहान कोन करून उभा राहणारा तो फाइन. काटकोनाकडे सरकला की स्क्वेअर. ‘जरा फाइन हो’ असं कर्णधार ओरडतो, तेव्हा तो तब्येतीची चौकशी करत नसतो. इथं फाइन म्हणजे निमुळता, बारीक कोन. शब्दकोशात दहा ओळी वाचून जे कळत नाही ते मैदानावर एका हातवाऱ्यात कळतं.

मला सगळ्यात छळतो तो मात्र ‘आय अ‍ॅम फाइन’. ‘काही हवंय का?’ या प्रश्नावर हे उत्तर आलं की त्याचा अर्थ ‘नको’. ‘कसा आहेस?’ला आलं की ‘याच्या पुढे विचारू नकोस’. आणि भांडणानंतर नुसतं ‘फाइन!’ आलं, तर विचारायलाच नको. म्हणजे मुळातला तो ‘शेवट’ हा अर्थ गेलेला नाहीच. बोलणं तिथेच संपतं.

अर्थात आपण तरी इंग्रजीला काय हसायचं? आपल्या ‘बरा’चं काय वेगळं आहे? ‘बरा माणूस आहे’ ही स्तुती आहे की निंदा, हे बोलणाऱ्याच्या भुवयांकडे बघून ठरवायचं. आजारी माणसाला ‘बरं वाटतंय का?’ विचारलं की त्यात माया असते. ‘बऱ्या बोलानं दे’ म्हटलं की धमकी. ‘बरं झालं’ यात समाधानही असू शकतं आणि ‘बरी खोड मोडली’चा सूरही. आणि फोनवर समोरून ‘बरं…’ असं लांबवलेलं ऐकू आलं, की माणूस फोन ठेवायच्या बेतात आहे हे परक्या माणसाला कुठल्या शब्दकोशातून कळणार?

त्या सहकाऱ्याला हे समजावून सांगावं असं मनात आलं होतं. पण ‘बरं’चं इंग्रजी काय करायचं, इथेच अडलो. शोधून शोधून एकच शब्द सापडला. फाइन.

बरं, ठेवतो.